आडवी बाटली झाली, पुढे काय? दारूचं धोरण आणि त्यात आपली जागा

वैनगंगाकाठ

दारूवर धागा निघाला की तिसऱ्या प्रतिसादात 'बंदी हवी की नको' सुरू होतं आणि दहाव्यापर्यंत कोणीतरी बिहारला पोचतं. या वेळी जरा दुसऱ्या बाजूने बोलू या, जमलं तर. ('आडवी बाटली' म्हणजे दारू दुकानावरच्या बायकांच्या मतदानात 'बंद करा'चं चिन्ह.) माझा प्रश्न साधा आहे. दारूविषयी सरकार काही ठरवतं तेव्हा कारखानदारांचं म्हणणं वरपर्यंत पोचतं, परवानाधारकांची संघटना निवेदन घेऊन जाते, अर्थखात्याला तर विचारावंच लागतं. ज्यांच्या घरात ही दारू येऊन पडते त्यांना नेमकं कोणत्या टप्प्यावर विचारतात?

थोडी पार्श्वभूमी. राज्यघटनेचं कलम ४७ म्हणतं की औषधी वापर सोडून आरोग्याला घातक मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा. पण ते मार्गदर्शक तत्त्व, कोर्टात जाऊन त्याची अंमलबजावणी मागता येत नाही. त्याच घटनेच्या सातव्या अनुसूचीत दारू राज्यांच्या यादीत आहे. नोंद ८ प्रमाणे नियंत्रण राज्याचं आणि नोंद ५१ प्रमाणे उत्पादन शुल्कही राज्याचंच. जीएसटी आला तेव्हा पिण्याची दारू त्याच्या बाहेर ठेवली. राज्यांना स्वतःच्या मर्जीने दर ठरवता येतील अशी जी मोजकी साधनं उरली, त्यात ही एक. म्हणजे ज्याने दारू कमी करायची, त्याचाच गल्ला तिच्यावर भरतो.

त्यामुळे देशाचं असं एक मद्यधोरण आपल्याकडे नाही. तंबाखूशी तुलना करून बघा. तिथे २००३ चा केंद्रीय कायदा आहे, त्याच वर्षी मंजूर झालेला आंतरराष्ट्रीय करार आहे, भारताने तो २००४ मध्ये स्वीकारला. त्या कराराचं कलम ५.३ सरळ सांगतं की धोरण आखताना तंबाखू कंपन्यांच्या हितसंबंधांपासून सावध राहा. दारूच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेची २०१० ची रणनीती आहे आणि २०२२ मध्ये मंजूर झालेला २०३० पर्यंतचा कृती आराखडा आहे. चांगले कागद आहेत, पण कोणावर बंधनकारक नाहीत. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेलं सर्वेक्षण २०१९ मध्ये आलं. त्यानुसार देशात १० ते ७५ वयाचे सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि साधारण ५.७ कोटींना त्यासाठी मदतीची गरज आहे. एवढ्या मोठ्या प्रश्नाला देशपातळीवर एक धड कायदा नाही.

ही पोकळी आजवर कोणी भरली असेल तर लोकांनी, त्यातही बायकांनी. १९९२ मध्ये नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावात साक्षरता वर्गाला येणाऱ्या बायकांनी अरकाचं, म्हणजे स्वस्त गावठी दारूचं, दुकान बंद पाडलं, ते लोण आंध्रभर गेलं, १९९५ मध्ये मुख्यमंत्री एन. टी. रामारावांनी दारूबंदी आणली. १९९७ मध्ये चंद्राबाबूंनी ती उठवली. आपल्याकडे गडचिरोलीत गावोगावच्या चळवळीनंतर १९९३ मध्ये बंदी झाली. चंद्रपुरात श्रमिक एल्गार संघटनेच्या पारोमिता गोस्वामी आणि हजारो बायका डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूर अधिवेशनावर चालत गेल्या, मग समिती, मग आश्वासनं, आणि १ एप्रिल २०१५ पासून जिल्हा कोरडा. २७ मे २०२१ च्या मंत्रिमंडळ बैठकीत ती बंदीही उठली. कारणं दिली ती अवैध विक्री वाढली, गुन्हेगारी वाढली, महसूल बुडाला अशी.

दोन शेजारी जिल्हे, एकाची बंदी टिकली आणि एकाची गेली. हे असं का झालं यावर मी बराच विचार केला. माझं मत असं की चंद्रपूरच्या चळवळीने सरकारकडून *निर्णय* मिळवला, पण निर्णयानंतर रोज लक्ष ठेवणारी कुठलीही रचना तिच्या हातात आली नाही. पोलीस, उत्पादन शुल्क, जिल्हा प्रशासन यांच्यावर सगळं सोडलं गेलं आणि सहा वर्षांनी त्याच यंत्रणेच्या अपयशाचा हिशेब बायकांच्या मागणीच्या नावावर मांडला गेला. गडचिरोलीत २०१६ पासून 'सर्च' ही आरोग्य संस्था, राज्य शासन आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून मुक्तिपथ हे व्यसनविरोधी अभियान चालवलं. गावसंघटना, तालुक्याच्या ठिकाणी व्यसन उपचार क्लिनिक, पोलिसांशी पाठपुरावा, मोजमाप. २०२१ मध्ये तिथलीही बंदी उठवण्याची चर्चा निघाली तेव्हा शेकडो गावांनी बंदी कायम ठेवा असे ठराव केले. ठराव करायला गावात कोणीतरी होतं, हा फरक.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. लोकांच्या संघटनांनी 'बंद करा' म्हणून मोर्चा काढण्यापलीकडे जावं. परवाना कोणाला, कुठे, दर किती, जाहिरात कशी, उपचाराला पैसा किती, या प्रत्येक ठिकाणी हक्काने बसावं. तुमच्या भागात काय अनुभव आहे?

---

खडूस_काका

तुम्ही बिहार टाळा म्हणालात म्हणून टाळतो. गुजरातला जातो. जुलै २०२२, बोटाद. राज्यात स्थापनेपासून दारूबंदी, तरी विषारी दारूने माणसं मेली. आणि बंदी नसलेल्या मुंबईत मालवणीला जून २०१५ मध्ये शंभरावर गेली. म्हणजे बंदी असो नसो, गरीब माणूस स्वस्तातलं विष पिऊन मरतो.

दुसरं म्हणजे, पंचवीस वर्षांचा प्रौढ माणूस शनिवारी दोन पेग घेणार की नाही हे बचत गटाने का ठरवायचं? मी कर भरतो, परवाना काढतो (हो, महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो, हे या धाग्यावर किती जणांना माहीत आहे?), गाडी चालवत नाही. माझ्या ग्लासात नागरी समाजाने डोकावू नये.

---

वैनगंगाकाठ

काका, तुमच्या ग्लासात कोणी डोकावत नाहीये. तुम्ही मालवणीचं उदाहरण दिलंत ते उलट माझ्याच बाजूचं आहे. हातभट्टी कुठे चालते हे वस्तीतल्या प्रत्येक बाईला माहीत असतं. तिने सांगितलेलं नोंदवून घेणारी, आणि पुढे काय झालं ते तिला कळवणारी यंत्रणा नसते. धोरणात लोकांना जागा द्या म्हणजे सगळ्यांची दारू बंद करा असं नाही.

---

बल्लारपूरचा_बाळू

आमी त्या सहा वर्षांत चंद्रपूर जिल्ह्यातच राहिलो, तर सांगतो. बंदी झाली तवा पहिलं वर्ष चांगलं गेलं, हे बायका अजूनही म्हणतात. पगाराच्या दिवशी नवरा घरी यायचा. मंग हळूहळू घुग्घुसकडून, वणीकडून माल येऊ लागला, इकडून तेलंगणाची हद्द लागूनच. बाटली दुप्पट-तिप्पट भावाने. पिणाऱ्याने पिणं सोडलं नाई, घरातला जास्त पैसा गेला. शाळेतली पोरं माल पोचवाले लागली, हे सगळ्यात वाईट.

पण २०२१ ला दुकानं उघडली तवा लोकांनी फटाके फोडल्याचे, पहिल्या गिऱ्हाईकाला हार घातल्याचे व्हिडिओ फिरले ना, ते पाहून माझ्या आईने टीव्ही बंद केला. ती चिमूरच्या मोर्च्यात गेली होती. बंदीचा आढावा घेणाऱ्या समितीने निवेदनं मागवली तवा तिच्यासारख्या बायकांना कोणी घरी येऊन विचारलं नाई. निवेदन टाइप करून जिल्हा ठिकाणी नेऊन देणारे कोण असतात ते तुमाले माहीत आहे.

वैनगंगाकाठ, तुमचं गडचिरोलीचं कौतुक मान्य, पण तिथे दारू मिळत नाई असं म्हणू नका बाप्पा.

---

वैनगंगाकाठ

मिळते. मोहाची घरोघरी होते, तेलंगणा आणि छत्तीसगडकडूनही येते. मी 'टिकली' म्हटलं ते बंदीचा निर्णय टिकला या अर्थाने. पिण्याचं प्रमाण हा वेगळा हिशेब.

---

अर्जुनी

गडचिरोलीवरून आठवलं. पेसा कायदा, १९९६. अनुसूचित, म्हणजे आदिवासी, क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांची विक्री आणि सेवन नियंत्रित करण्याचा अधिकार त्या कायद्यात स्पष्ट लिहिलेला आहे. महाराष्ट्राचे पेसा नियम २०१४ मध्ये आले. म्हणजे मंत्रालयात बंदी होवो, उठो, पेसा गावाची ग्रामसभा स्वतः ठरवू शकते, आणि 'पूर्ण बंद' किंवा 'पूर्ण सुरू' एवढेच पर्याय तिच्यापुढे नसतात. घरच्या देवाला मोहाची चालेल, विक्रीची बाटली गावात चालणार नाही, असा बारीक भेद ग्रामसभाच करू शकते. कलेक्टरला तो करता येत नाही. सण, लग्न, मयत यात मोहाला जागा असलेल्या समाजात बाहेरच्या संस्थेने येऊन सरसकट 'दारू वाईट' सांगितलं की लोक तोंडावर हो म्हणतात आणि पुढे काही होत नाही.

मुख्य धाग्यात हा मुद्दा यायला हवा होता.

---

सीआरपी_ताई

मी उमेद या ग्रामीण उपजीविका अभियानात काम करते, बचत गटांची सीआरपी, म्हणजे गावपातळीवरची मार्गदर्शक, आहे. आडवी बाटलीचं मतदान आमच्या गावाने केलेलं आहे म्हणून सविस्तर लिहिते. अनेकांना वाटतं की बायकांनी ठराव केला की दुकान बंद. तसं नसतं.

२००८ च्या आदेशाप्रमाणे आधी गावातल्या किंवा वॉर्डातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांचं निवेदन द्यायचं. मग सह्यांची पडताळणी. हा पहिला चाळणीचा टप्पा, आणि इथेच निम्मी गावं गळतात. अधिकारी येतात, एकेका बाईला समोर बोलावून 'ही सही तुझीच का' विचारतात. बाहेर दुकानवाल्याची माणसं उभी. ज्या बाईने अंगठा दिला होता तिचा नवरा त्याच दुकानाचा उधारी गिऱ्हाईक. ती काय सांगणार?

त्यातून पुढे गेलं तर गुप्त मतदान. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. आता खरी मेख. आडवी बाटली जिंकायला *एकूण नोंदलेल्या* महिला मतदारांच्या ५० टक्क्यांहून जास्त मतं लागतात. झालेल्या मतदानाच्या नव्हे. समजा यादीत ९०० बायका आहेत. ६०० मतदानाला आल्या, त्यातल्या ४४० जणींनी आडवी केली. चारात तीन जणी बंदच्या बाजूने, तरी हरलो, कारण ४५१ पाहिजे होत्या. आमदार निवडायला असली अट नाही.

आणि यादी कशी असते? लग्न होऊन सासरी गेलेल्या मुली वर्षानुवर्षं यादीत. वारलेल्या म्हाताऱ्या यादीत. आमच्याकडची निम्मी वस्ती दिवाळीनंतर ऊसतोडीला जाते, त्या बायका यादीत. त्या सगळ्या न येता उभ्या बाटलीला मत देऊन जातात. मतदानाची तारीख कोयता बाहेर असताना लागली की संपलं. आम्ही तारखेसाठी तहसीलला इतके खेटे घातले की शिपाई ओळखू लागला.

मतदानाच्या आदल्या रात्री साड्या वाटल्या गेल्या. साड्या घेतल्या, आणि मत द्यायचं तिथेच दिलं. 😊

माझी मागणी काय असेल तर अर्ज दिल्या दिवशी यादी दुरुस्त करा, आणि तारीख गावाला विचारून लावा.

---

सातारी_मिरची

ताई, दंडवत. साताऱ्यात वर्षा देशपांडेंनी 'उभी बाटली आडवी करा' म्हणून जे रान उठवलं, त्या काळात आम्ही कॉलेजात होतो. पोस्टर लावायला गेलेल्या पोरांना दुकानदाराने चहा पाजला होता, एवढा निवांत होता तो. नंतर नव्हता.

---

एफएल_थ्री

मी उत्पादन शुल्क खात्यातून निवृत्त झालो. नाव-गाव विचारू नका. ताईंचं सह्यांच्या पडताळणीबद्दलचं म्हणणं मी नाकारणार नाही.

दोन गोष्टी बाहेरच्यांना दिसत नाहीत. एक, एकच खातं महसूल गोळा करतं आणि तेच खातं दारूबंदीचे गुन्हेही लावतं. वर्षअखेरीला साहेबाला दोन्ही आकडे दाखवायचे असतात, पण बैठकीत पहिल्या पानावर महसुलाचा असतो. सबइन्स्पेक्टरच्या हद्दीत दोन-दोन तालुके. हातभट्टीवर धाड घालायची, रसायन नष्ट करायचं, दारूबंदी कायद्याच्या कलम ६५ खाली गुन्हा नोंदवायचा, आणि चार दिवसांनी तोच माणूस तिथेच. कलम ९३ ची चांगल्या वर्तणुकीची हमी, एमपीडीए (हातभट्टीवाले, गुंड यांना स्थानबद्ध करण्याचा कायदा) खाली स्थानबद्धता, ही हत्यारं आहेत. ती वापरायला पाठपुरावा लागतो आणि तो गावातून आला तरच होतो. ग्रामरक्षक दलाची, म्हणजे अवैध दारूवर नजर ठेवणाऱ्या गावकऱ्यांच्या गटाची, तरतूद त्यासाठीच आली, अण्णा हजारेंनी लावून धरली होती. कागदावर चांगली आहे. दल स्थापन झालेली गावं मात्र शोधावी लागतील.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. महाराष्ट्रात वाइन शॉपचे म्हणजे एफएल-२ आणि देशी दारूच्या किरकोळ दुकानांचे म्हणजे सीएल-३ चे नवीन परवाने सत्तरच्या दशकापासून थांबलेले आहेत. मग तुमच्या कॉलनीत नवं दुकान येतं कसं? *स्थलांतर.* कुठल्यातरी गावचा जुना परवाना विकत किंवा भागीदारीत घ्यायचा आणि चालू भागात हलवायचा. लोक फलक लागल्यावर जागे होतात आणि मोर्चा काढतात. तोवर फाइल पूर्ण झालेली असते. चळवळीने नवीन परवान्यांवर ओरडण्यापेक्षा स्थलांतराच्या प्रस्तावांवर आणि दरवर्षीच्या नूतनीकरणावर नजर ठेवावी. तिथे हरकत घेतली तर तिला वजन असतं. मार्च २०२५ मध्ये विधानसभेत जाहीर झालं की गृहनिर्माण संस्थेच्या आवारात बिअर शॉपी किंवा दारूचं दुकान आणायचं तर सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र लागेल. शहरातल्या लोकांनी हे ध्यानात ठेवावं.

---

खडूस_काका

हे स्थलांतराचं ठाऊक नव्हतं. माहितीपूर्ण.

---

वकीलसाहेब_नाहीत

लोकांच्या रेट्याने धोरण बदलल्याचं सगळ्यात मोठं अलीकडचं उदाहरण म्हणजे महामार्गावरची दुकानं. चंडीगडचे हरमन सिद्धू, स्वतः अपघातात जायबंदी झालेले, व्हीलचेअरवरून रस्ते सुरक्षेचं काम करणारे, आणि तमिळनाडूतले वकील के. बालू. यांची प्रकरणं सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १५ डिसेंबर २०१६ ला निकाल आला: राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांच्या ५०० मीटरच्या आत १ एप्रिल २०१७ पासून दारूविक्री नाही. एका संस्थेने माहिती अधिकारात फलक, परवाने, अपघात यांची माहिती काढून काढून हे उभं केलं.

पुढचं प्रकरण तितकंच शिकण्यासारखं आहे. ३१ मार्च २०१७ ला, अंमल सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, वीस हजारांपेक्षा कमी वस्तीच्या गावांसाठी अंतर २२० मीटरवर आलं. राज्यांनी शहरातून जाणारे महामार्ग कागदोपत्री स्थानिक रस्ते करून टाकले, चंडीगडने तर आधीच केले होते, आणि जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने त्याला हरकत नाही म्हटलं. दुकान तिथेच राहिलं, रस्त्याचं नाव बदललं. काही हॉटेलवाल्यांनी दाराशी भूलभुलैया बांधून चालायचं अंतर वाढवलं, त्याचे फोटो तेव्हा खूप फिरले.

म्हणून न्यायालयातून धोरण करून घ्यायच्या मर्यादा मला दिसतात. आदेश मिळतो, पण तो पोखरला जात असताना रोज हजर राहणारं कोणी नसतं. धागाकर्त्याच्या मूळ मुद्द्याला अनुमोदन.

---

सान्वी_ग्लासगो

मी इथे नर्स आहे, लिव्हरच्या वॉर्डात बरीच वर्षं काढली. स्कॉटलंडचं उदाहरण देते कारण इथे नागरी संस्थांनी बंदी मागितलीच नाही, *किमान दर* मागितला. डॉक्टरांच्या रॉयल कॉलेजांनी मिळून २००६ मध्ये एक गट केला, त्याने आणि इतर संस्थांनी स्वस्त सायडर आणि व्होडकाच्या किमती लोकांपुढे मांडल्या. कायदा झाला २०१२ मध्ये. स्कॉच व्हिस्कीवाल्यांची संघटना कोर्टात गेली, प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत जाऊन आलं, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. १ मे २०१८ पासून एका युनिटला, म्हणजे १० मिली शुद्ध अल्कोहोलला, किमान ५० पेन्स. सप्टेंबर २०२४ अखेरीस ६५ पेन्स. मधल्या पाच-सहा वर्षांच्या कोर्टबाजीत या संस्था टिकून राहिल्या, हे मला महत्त्वाचं वाटतं.

२०२३ च्या सरकारी मूल्यमापनात निव्वळ दारूमुळे होणारे मृत्यू, दर नसता तर जितके झाले असते त्यापेक्षा सुमारे १३.४ टक्क्यांनी कमी दिसले. तरी कोविडनंतर आकडे पुन्हा चढले, २०२३ मध्ये १,२७७ मृत्यू. आणि ज्यांना पूर्ण व्यसन लागलंय त्यांच्यावर दराचा फारसा परिणाम दिसला नाही, काहींनी जेवण कमी केलं. वॉर्डात आम्ही हे बघतो.

आपल्याकडच्यांसाठी एक जोडणी: जुलै २०२५ मध्ये भारत-ब्रिटन व्यापार कराराची सही झाली. त्यात व्हिस्कीवरचं आयात शुल्क १५० टक्क्यांवरून ७५ आणि दहा वर्षांत ४० वर आणायचं ठरलं. इथल्या वर्तमानपत्रांत व्हिस्की उद्योगाचा आनंद पहिल्या पानावर होता. भारतात आरोग्याच्या अंगाने त्यावर कोणी बोललं का? मी शोधलं, मला व्यापाराच्याच बातम्या सापडल्या.

---

वैनगंगाकाठ

सान्वी, दराचा मुद्दा काढलास ते बरं झालं. जून २०२५ मध्ये महाराष्ट्राने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क निर्मिती खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं, देशीचंही वाढवलं. आरोग्य संघटना नेमकं हेच सांगते, दर वाढवा. पण मंत्रिमंडळाच्या निर्णयात भाषा होती ती अंदाजे १४ हजार कोटींच्या जादा महसुलाची. त्याच निर्णयात धान्यापासून केलेल्या 'महाराष्ट्र मेड लिकर' नावाचा नवा, मधल्या किमतीचा प्रकार आणला, १८० मिलीला किमान १४८ रुपये. म्हणजे विदेशी महाग झाली तर गिऱ्हाईक सुटू नये म्हणून खाली एक पायरी बांधली. आरोग्य खातं त्या चर्चेत असतं तर ही पायरी बांधली गेली असती का, हा माझा प्रश्न. आणि त्या जादा पैशातला ठरावीक हिस्सा व्यसनमुक्तीला, असं कोणी मागितलं नाही. दरवाढीविरुद्ध बारवाले मात्र रस्त्यावर उतरले.

---

द्राक्षबाग_निफाड

सगळे एका सुरात बोलताय म्हणून शेतकऱ्याचं ऐका. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायचा निर्णय झाला होता. हजार चौरस फुटांवरची दुकानं, बंद कपाट, शाळा-देवळाजवळ नाही, दारूबंदीच्या जिल्ह्यांत नाही. अण्णांनी उपोषणाचा इशारा दिला, सरकारने हरकती मागवल्या, विषय बारगळला. वाइन आणि हातभट्टी एका तागडीत तोलायची ही कुठली पद्धत? वर्षभर वांझोटी चर्चा झाली, आमच्या वाइन द्राक्षाचे वांधे तसेच.

---

सीआरपी_ताई

दादा, तुमचा वांधा खरा आहे. पण किराणा घ्यायला मी पोराला पाठवते. त्या रॅकवर ती असावी का, एवढाच आमचा प्रश्न होता. 'शेतकऱ्यासाठी' म्हणून जे येतं त्यात शेतकऱ्याला किती मिळतं ते तुम्हीच सांगा. २००७ मध्ये ज्वारी-बाजरीच्या दारूला लिटरमागे दहा रुपये अनुदानाचं धोरण आलं, तेही शेतकऱ्याच्याच नावाने.

---

द्राक्षबाग_निफाड

ज्वारीचं कारखान्याला मिळालं, हे कबूल. वाइनचं वेगळं आहे यावर मी ठाम.

---

आजचा_दिवस

इतका वेळ नुसतं वाचत होतो. मी बेवडा. सध्या न पिणारा. मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात उपचार घेतले, नंतर एएच्या (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा आपसातला गट) मीटिंगा.

या धाग्यावर दुकानदार, अधिकारी, बायका, वकील सगळे आले, पिणारा आला नाही, म्हणून लिहितो. नागरी संस्था म्हणता तेव्हा एएला त्यात धरू नका. बंदी, परवाने, निवडणुका, कुठल्याही बाहेरच्या प्रश्नावर एए मत देत नाही, ती आमची दहावी परंपरा आहे. त्याचं कारणही चांगलं आहे: मीटिंगला बारमालक आला तरी त्याला जागा असली पाहिजे. हे माझं वैयक्तिक बोलणं.

मला दुकान बंद असल्याने दारू सुटली नाही. पण उपचार संपवून घरी आलो तेव्हा रिक्षा स्टँडपासून घरापर्यंत चार दुकानं होती, आणि पहिले तीन महिने मी लांबच्या रस्त्याने गेलो. उपलब्धतेवर वाद घालणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. आणि उपचार म्हणाल तर, तालुक्याच्या ठिकाणी दारू सोडताना फिट येणाऱ्या माणसाला दाखल करून घेणारा डॉक्टर किती जणांच्या गावात आहे? मला एका रुग्णालयाने 'आधी दारू सोडून या' सांगून परत पाठवलं होतं. माझ्या बायकोने अल-अनॉनच्या, म्हणजे व्यसनी माणसांच्या घरच्यांच्या गटाच्या, मीटिंगा सुरू केल्या तेव्हा घरात पहिल्यांदा कोणीतरी शांतपणे बोललं.

संस्थांनी मोर्च्यात एक घोषणा कमी करून जिल्हा रुग्णालयात किती खाटा आहेत ते विचारावं.

---

वैनगंगाकाठ

धन्यवाद. हे लिहिलंत त्याबद्दल.

---

पेडण्याचो

गोंयचें कोणी लिहिलें नाही म्हणून. मराठीतच लिहितो. आमच्याकडे फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, बंदीची भाषा इथे कोणी ऐकणार नाही. पण २०१९ मध्ये समुद्रकिनाऱ्यावर उघड्यावर पिण्याला दोन हजार रुपये दंडाचा कायदा झाला, त्यामागे किनाऱ्यावर फुटलेल्या बाटल्यांनी पाय कापलेले लोक होते. पंचायतीत नव्या बारला ना हरकत देताना ग्रामसभेत भांडणं होतात, ती ऐकायला या एकदा.

---

खडूस_काका

जाहिरातींवर कोणी बोललं नाही. टीव्हीवर दारूच्या जाहिरातीला २००० पासून बंदी, तरी क्रिकेट लावलं की त्याच ब्रँडच्या नावाने सोडा, पाण्याची बाटली, म्युझिक सीडी. नातू मला ब्रँडची नावं सांगतो, वय अकरा. जून २०२२ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असल्या आडून केलेल्या जाहिरातींना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. तिथे तुमच्या संस्थांनी तक्रारींचा पाऊस पाडा, माझी पहिली सही. माझ्या ग्लासाला हात लावू नका, बस.

---

वैनगंगाकाठ

काका, लेखी घेतलंय.

---

वारज्याची_नवी

नमस्कार, नवीन सभासद. एफएल_थ्री यांना प्रश्न. आमच्या सोसायटीच्या खाली व्यापारी गाळा आहे, तिथे वाइन शॉप येणार असं ऐकतोय. गाळेमालक म्हणतो परवाना जुनाच आहे, तुमचा संबंध नाही. आम्ही नेमकं कुठे जायचं?

---

एफएल_थ्री

'परवाना जुनाच आहे' म्हणजे स्थलांतर. जिल्ह्याच्या अधीक्षक, राज्य उत्पादन शुल्क, यांच्या कार्यालयात जा आणि त्या गाळ्यासाठी स्थलांतराचा प्रस्ताव दाखल आहे का ते लेखी विचारा. असेल तर माहिती अधिकारात प्रस्ताव, चौकशी अहवाल आणि जागेच्या नकाशाची प्रत मागा. सोसायटीची सर्वसाधारण सभा घेऊन ना हरकत न देण्याचा ठराव करा आणि त्याची पोच घ्या, नुसतं व्हॉट्सअॅपवर सह्या गोळा करून उपयोग नाही. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. जवळ शाळा किंवा देऊळ असेल तर अहवालात अंतर किती लावलंय ते आधी बघा.

---

वारज्याची_नवी

शाळा आहे. तिला दोन दारं आहेत, मागचं दार गाळ्याच्या अगदी जवळ.

---

एफएल_थ्री

मग नकाशात कुठलं दार दाखवलंय ते सगळ्यात आधी बघा. मागचं दार वापरात असल्याचं शाळेकडून पत्र घ्या, आणि चौकशीच्या दिवशी मुख्याध्यापक तिथे हजर राहतील असं करा.